तिसऱ्या क्रमांकाची शेळी

शेळ्या विकायचं ॲप आम्ही दोघा-तिघा मित्रांनी मोठ्या थाटात उभं केलं. त्याच्या एपीआयमध्ये, म्हणजे माहिती देण्या-घेण्याच्या आतल्या यंत्रणेत, प्रत्येक शेळीचा वेबपत्ता ठरवला मी: गाव, मालक आणि दावणीतला क्रमांक. काय देखणा पत्ता! लग्नपत्रिकेसारखा मी तो लोकांना दाखवत फिरलो.

मग एका सकाळी तामलवाडीहून मावशीचा फोन. "पळत ये रं! माझी गाभण शेळी न्यायला टेम्पो आलाय!"

पोचलो तर दोरीच्या एका टोकाला ड्रायव्हर, दुसऱ्या टोकाला मावशी, मधे शेळी. मावशीनं ॲपवर विकली होती तिसरी, म्हातारी भाकड. पण काल पहिली शेळी बाजारात गेली, आणि आमच्या सर्व्हरनं बाकीच्यांना शहाण्यासारखं एकेक जागा पुढं सरकवलं. चौथी होती ती गाभण. ती झाली तिसरी!

"फोटो तुमीच बघा की मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "शेळी घेणारा मालक फोन उचलंना. लिंकमधली आण म्हणलाय, आणतो."

"लिंक गेली खड्ड्यात! करडं हायत तिच्या पोटात!"

ही विकलेली नव्हे हे ड्रायव्हरला पटवायला लॅपटॉप टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून मी गाभण शेळी शोधून दाखवायला लागलो. रंग काळा: सगळ्याच आल्या. आपल्याकडच्या शेळ्या, दुसऱ्या कुठल्या रंगाच्या असणार? मादी: पुन्हा सगळ्याच. शिंगांच्या लांबीवरून शोधायची सोय मी हौसेनं ठेवली होती. गाभण की भाकड, ही मात्र नव्हती.

तेवढ्यात ड्रायव्हरनं शेळीचे पुढचे पाय टेम्पोत चढवले. ती ओरडली, मावशी तिच्याहून मोठ्यानं. मी घाईघाईनं प्रत्येक शेळीला कायमचा वेगळा नंबर देऊन टाकला, दावण हलली तरी न हलणारा, आणि पत्त्यात तोच घातला.

ड्रायव्हरनं लिंक पुन्हा उघडली. "पान सापडत न्हाय म्हणतंय. आता कंची नेऊ?"

"कंचीबी न्हाय. दोरी सोड!"

त्यानं सोडली. रिकामा टेम्पो वळला. मावशी शेळीच्या गळ्यात पडली, आणि मी नाटक संपल्यावर नट वाकतो तसा वाकलो.

वाकलेलो असतानाच फोन वाजला. ढोकीहून एका शेळीवाल्याचा. "साहेब, दारात टेम्पो हुबाय अन् लिंक मेली!" तो ठेवतोय तोवर माकणीहून.

जुना पत्ता उघडणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवायचं मी विसरलो होतो. सगळ्या जिल्ह्यातल्या शेळ्या एका झटक्यात बेपत्ता! आणि लॅपटॉपची बॅटरी लाल झालेली.

"मावशी, चार्जर कुठं लावू?"

"कुठंबी लाव," ती शेळीची पाठ चोळत म्हणाली. "लाइट सकाळधरनं गेलीय."