बंद क्रेनखालचा पराक्रम

तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो. चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

मौद्याकडच्या एका कारखान्यात मी फोरमन. फरशीवर तेल सांडलेलं दिसलं की अख्ख्या शिफ्टला झापायचं, हा माझा आवडता उद्योग. तर असा हा थोर माणूस एका दुपारी त्याच तेलावरून घसरला आणि मनगट मोडून बसला. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. साक्षीदार नाही, याचा मला चक्क आनंद झाला! काय अक्कल म्हणावी?

कारखान्यात कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, घरच्या जिन्यावरून पडलो. बायको शेजारीच उभी. आमचं घर तळमजल्यावर, जिना औषधालाही नाही. तिने डॉक्टरांना हळूच विचारलं, "यायच्या डोक्यालेही मार लागला असंन का जी?"

प्लास्टरमध्ये रजा संपत आली, तेव्हा मेहुणा विनोद उगवला. प्रताप नगरात त्याचं झेरॉक्सचं दुकान. कोर्टाचे कागद छापून छापून स्वतःला वकील समजतो. कामावर दुखापत झाली की नुकसानभरपाई मिळते, हे त्यानेच सांगितलं. तिथेच थांबला असता तर बरं होतं.

"भाऊजी, तेलावरून घसरलो म्हणसान तं कोण विचारते? काही दमदार लिहा ना."

आणि मी भरपाईच्या अर्जात लिहिलं. मोठ्या क्रेनवरून लोखंडी गर्डर सुटला, खाली एक मजूर उभा होता, मी त्याला ढकलून वाचवलं. लिहिताना माझाच ऊर भरून आला. विनोदने तर डोळे पुसले. दोन बैल एका दावणीला!

चौकशीला कारखान्याच्या विमा कंपनीच्या एक बाई घरी आल्या. डॉक्टरांच्या कागदावर जिना कसा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोठेपणा नको म्हणून लपवलं. वाचलेला मजूर कोण, हे विचारलं तेव्हा मी पाणी मागितलं.

"आणि ती क्रेन तं दिवाळीपासून बंद पडून आहे," बाई म्हणाल्या. "गर्डर वर कसा गेला जी?"

मग मी तेलाचं खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ड्यूटीवर तेलावरून घसरले, एवढंच त्या दिवशी सांगितलं असतं तं काम झालं असतं. आता मी तुमचं कोणतं पडणं खरं धरू?"

अर्ज अडकला तो अडकलाच. विनोद तेव्हापासून फोन उचलत नाही.

मनगट जुळल्यावर कामावर गेलो, तर अर्जाची प्रत कारखान्यात पोचलेली आणि माझ्या हातात नोटीस. बंद क्रेनखाली विनापरवानगी शिरल्याबद्दल! माझ्या गोष्टीवर अक्षरशः विश्वास ठेवणारा जगात एकच माणूस निघाला, आमचा सेफ्टी ऑफिसर.