सुभद्राबाई कुणासाठी थांबत नसत

सुभद्राबाई कुणासाठी थांबत नसत. पहाटे पावणेसहाला आमच्या फाटकाची कडी एकदाच वाजायची. मग त्या मनात वीस मोजायच्या आणि चालू पडायच्या. मी अठराला बाहेर आले तर ठीक. बाविसाला आले तर त्यांची पाठ गल्लीच्या टोकाला दिसायची. "मॅडम, तुह्या बुटाच्या नाड्या बांधून व्हायेपर्यंत सूर्य थांबून राहीन का वं?" मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, हजारो मुलांना वेळ पाळायला लावली. आणि म्हातारपणी वेळेवरून मला बोलणारी भेटली, ती साड्यांना फॉल लावणारी ही शेजारीण.

अन्वी, ईशान, परवा तुम्ही बर्फाचा फोटो पाठवलात. "आजी, बघ किती सुंदर!" खरं सांगू? शेत पांढरं, झाडं पांढरी, आभाळही पांढरंच. देवाने रंगवायला घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं, असं मला वाटलं. पण फोटो पाहून आमचा फिरायचा रस्ता आठवला, आणि रस्ता आठवला की सुभद्राबाई येतातच. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, म्हणून लिहिते.

आमचा रस्ता म्हणजे नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीतून निघून, मोठ्या निंबाखालून, मैदानाच्या कडेने तळ्यापर्यंत. हिवाळ्यात तळ्यावर धूर धरल्यासारखं धुकं असायचं, आणि परतताना कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या तर्रीचा वास नाकात शिरायचा. बाकी सुंदर म्हणावं असं काही नाही. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो इतका उंच केला, की घरं खड्ड्यात गेली. सुभद्राबाई म्हणाल्या, "आता पावसाचं पानी विचारतच नाही, सरळ सैपाकघरात जाते."

मैदानात हसणाऱ्यांचा क्लब भरायचा. वीस-पंचवीस सुखवस्तू माणसं हात वर करून हा-हा-हा करायची. "हसाले बी मास्तर लागते का वं या लोकाइले?" एक गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडून मोटारीने यायचे, मोटार निंबाखाली लावायचे आणि मनगटावरच्या, पावलं मोजून टुंग वाजणाऱ्या घड्याळात पाहत मैदानाला चकरा मारायचे. सुभद्राबाई त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. "आपन चाललो का नाही, हे याले घडी सांगते. पायाले इचार ना बाप्पा!" मीही हसायचे. मला सगळं शिस्तीत लागतं, पण हसण्याची शिस्त मलाही कधी पटली नाही.

त्यांचा स्वतःचा एक नियम मात्र अजब होता. जाताना रस्त्याच्या डाव्या कडेने जायचं, भिंतीला जवळजवळ खांदा लावून. तळ्याशी वळसा घेऊन पलीकडच्या कडेने परत यायचं. मध्येच रस्ता ओलांडायचा नाही. मला समोर कुणी ओळखीचं दिसलं आणि मी पलीकडे निघाले, की त्या जागीच ओरडायच्या, "ताना ओलांडून राहिली का वं?"

हा नियम उमरेडचा, त्यांच्या माहेरचा. त्यांचे वडील विणकर. मागावर चढवायच्या आधी उभे धागे, म्हणजे ताणा, पहाटे गल्लीभर ताणून बांधायचे आणि त्यावर भाताची खळ कुंच्याने चढवायची. सुभद्राबाई आठ वर्षांच्या असल्यापासून कुंचा घेऊन एका बाजूने जायच्या आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने यायच्या. ताण्यावरून उडी मारली तर पाठीत धपाटा. "मी चालाले ताण्यासंगं शिकली. तुमच्यासारखं बिनकामाचं नाही." लग्न होऊन नागपूरला आल्या, पुढे नवऱ्याचा माग बंद पडला, पण पायांची सवय राहिली. मला हे फार आवडलं होतं. मी ते कितीतरी जणांना सांगितलं होतं.

मागच्या हिवाळ्यात तुमच्या बर्फाचा पहिला फोटो आला. मी तो तळ्याकाठच्या बाकावर त्यांना दाखवायला घेतला. फोन त्यांच्या हातात दिला आणि कानटोपी नीट करू लागले. त्यांनी फोन नाकाजवळ नेला, लांब धरला, आणि तोंड वाकडं केलं.

"पांढरंच पांढरं! यात पाहाचं काय हाय? खळ सांडल्यावानी दिसून राहिलं. यासाठी पोरं इतक्या लांब गेली?"

मी पाहिलं. फोनचा पडदा केव्हाच बंद झाला होता. त्या ठार काळ्या काचेकडे पाहत होत्या.

मी काही बोलले नाही, पण त्यांना माझ्या गप्प बसण्यावरून कळलं. दृष्टी गेलेली माणसं गप्प बसणंही ऐकतात, हे मी तेव्हा शिकले.

"फोटो बंद हाय का?"

"हो."

"मग सरळ सांग ना. मले सारं असंच दिसते. पांढरं. दोन वर्षं झाली." डॉक्टरांना लपूनछपून दाखवून झालं होतं. गेलेली नजर परत येणार नव्हती. फॉल लावणं त्यांनी "कंटाळा आला" म्हणून सोडलं होतं, आणि ताण्याचा नियमही खरा असला तरी रस्त्यावर आणला होता तो याच दोन वर्षांत. भिंतीची कड आणि मोजलेली पावलं, एवढ्यावर त्या चालत होत्या. लोकांना नावं ठेवत होत्या ती आवाजावरून.

"प्रकाशले सांगू नको," त्या म्हणाल्या. प्रकाश त्यांचा मुलगा. "थो वाईट नाही. पन फाटकाले कुलूप लावीन. मंग मी खाटेवर बसून काय करू? सुनेची मालिका ऐकू?" पुढचं त्यांनी हळू आवाजात म्हटलं. "चालनं गेलं तं मी गेली, मॅडम."

मी नियमाने वागणारी बाई. त्याच दिवशी जाऊन प्रकाशला सांगणं माझं कर्तव्य होतं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त रहदारीच्या बाजूने चालू लागले. "अंगावर काहून येऊन राहिली?" म्हणून त्या खेकसल्या, पण सरकल्या नाहीत.

महिन्याभराने एका सकाळी मला उशीर झाला. तुमचा फोन आला होता, तुमच्याकडे संध्याकाळ होती, आणि अंगणातल्या दिव्याखाली तुम्ही बर्फाचा माणूस केला होता. कडी वाजली ती मी ऐकली. वाटलं, दोन मिनिटं. फोन ठेवला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. गल्ली रिकामी होती.

मी नाड्या न बांधताच धावले. मैदानाच्या वळणावर डावी कड रातोरात खणून ठेवली होती. पाइप टाकायचे म्हणून पुरुषभर खोल चर. ना दोरी, ना फळी. ज्यांनी खणला त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते सभ्य भाषेत लिहिता येत नाही. आणि चराच्या काठावर, भिंतीला हात लावून, सुभद्राबाई ताठ उभ्या होत्या. पायाखाली भुसभुशीत माती लागली म्हणून थांबल्या होत्या. पलीकडे क्लब हसत होता. एक हाक मारली असती तर पंचवीस माणसं धावली असती. त्यांनी मारली नव्हती.

"सुभद्राबाई!"

"आली का? मी वीस मोजली. मंग पुन्हा वीस. किती येळा ते इचारू नको."

"कुणाला तरी बोलवायचं ना हो!"

"या हसऱ्याइले?" त्या फणकारल्या. "मले माहीत होतं तू येशीन. नाड्या नसन बांधल्या, आवाज येऊन राहिला." मग हात पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात गार पडला होता. "चाल. आज ओलांडू ताना."

आम्ही रस्ता मधोमध ओलांडला. त्यानंतर त्या माझा हात धरूनच चालल्या, आणि मैत्रिणीचा हात धरून चालतात तसं दाखवत राहिल्या. प्रकाशला कळलं ते शेवटच्या आजारात, डॉक्टरांकडून. त्याने मला विचारलं, "काकू, तुम्हाले माहीत होतं?" मी हो म्हटलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचंही बरोबर आहे.

सुभद्राबाई पावसाळ्यात गेल्या, तापाने, तीन दिवसांत. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत तळ्याला जाऊन आल्या होत्या.

काल तुमचा फोटो पुन्हा उघडला. शेत कुठे संपतं, रस्ता कुठे सुरू होतो, काही कळत नाही. या असल्या पांढऱ्यातून ती बाई रोज तळ्यापर्यंत जाऊन येत होती, आणि वर साऱ्या जगाला नावं ठेवत होती. सुरुवातीला मी लिहिलं की देवाने कंटाळून सोडून दिलं. ते मागे घेते.

रोज पावणेसहाला मी फाटकाशी उभी राहते. वीस मोजून होतात, तरी आणखी वीस मोजते. हे त्यांना कळलं असतं तर त्या काय बोलल्या असत्या, ते नातवंडांना लिहिण्यासारखं नाही.