पत्ते खेळायला आलेल्या बाई

भाग्यलक्ष्मीबाईंच्या घरात पत्त्यांवरची पुस्तकं कपाटभर होती, पण पत्ता एकही नव्हता. हा करार लग्नाआधीचा.

त्यांचं माहेर हैदराबादच्या गौलीगुड्यातलं. वडिलांचं तिथं पितळी भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या माळ्यावर संध्याकाळी तीन पत्तीचा डाव बसायचा, आणि भाग्यलक्ष्मी परकरात होती तेव्हाच त्या माळ्यानं खालचं दुकान गिळलं. वडील पुढं दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरायला लागले आणि मरेपर्यंत कुणाच्या नजरेला नजर न देता जगले. आईनं लेकीला एकच बजावून ठेवलं होतं: नवरा काळा असो, गोरा असो, पत्ते खेळणारा नको.

अंबाजी बघायला आले तेव्हा आईनं तेच विचारलं. वीज खात्यात नोकरी, मूळ घर भालकीकडचं, शेतकऱ्याचं. माणूस सरळ म्हणाला, "खेळतो. रमी. पैसे लावत नाही, पण खेळतो. सोडतो म्हणून खोटं बोलणार नाही. घरात मात्र पत्ता येणार नाही."

आई उठून आत गेली. तिच्या मनातून तो उतरलाच होता. भाग्यलक्ष्मीनं मात्र हट्टानं त्यालाच होकार दिला. तिच्या वडिलांनी जन्मात कधी 'मी खेळतो' असं तोंडानं कबूल केलं नव्हतं.

अंबाजींनी शब्द पाळला. रविवारी संध्याकाळी ते मलकपेठच्या घरातून गौलीगुड्याला जायचे, बियाण्यांचं दुकान असलेल्या शिवराजच्या घरी. तिथं चौघांचा डाव बसायचा. आणि रविवारी सकाळी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं धुंडाळायचे. रमीची, ब्रिजची, पोकरची, जी मिळतील ती. पोकर त्यांच्या ओळखीत कुणीच खेळत नव्हतं, पण ती पुस्तकं ते चवीनं वाचायचे. "यात पत्त्यांपेक्षा माणसंच जास्त आहेत," म्हणायचे. बाई कपाट पुसताना पुस्तकांवरनंही फडका फिरवायच्या. पुस्तकातनं कुणाचं दुकान जात नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. दारात चपला काढताना मात्र अंबाजी खिसे चाचपायचे, चुकून एखादा पत्ता आला तर नाही ना म्हणून. हे बाईंनी किती वेळा बघितलं होतं आणि बघितलं नाही असं दाखवलं होतं.

निवृत्तीनंतर काही वर्षं अशीच गेली. मग एका दिवशी दुपारी अंबाजी झोपलेले असताना शिवराज घरी आला. शिवराज बिदरचा, पण जन्म हैदराबादेत गेलेला. बोलण्यात निम्मी दखनी.

"वहिनी, बुरा मत मानो," तो म्हणाला. "परवा अंबाजीनं जोकर टाकला."

"म्हणजे?"

"हातात आलेला जोकर. उचलून खाली टाकून दिला. वहिनी, अंगावरचा दागिना काढून मुसी नदीत टाकावा तसं आहे ते. आणि मग विचारतो, आज संदेश कायकू नाही आला?"

संदेश हा त्यांच्यातला चौथा गडी. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या तेराव्याला अंबाजी स्वतः वाढायला उभे होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांचा फारसा उपयोग नाही हेही सांगितलं. मुलगा विकास ऐकताना खिडकीबाहेर बघत राहिला. सून गौरीनं सासूबाईंचा हात धरला. ती पुण्याची, कंपनीत नोकरी करणारी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे तो हात बाईंना थोडा परका वाटला आणि तरी त्यांनी तो सोडला नाही.

रविवार आला की अंबाजी दुपारपासूनच बूट घालून बसायचे. एकदा कुणाच्या लक्षात न येता बाहेर पडले आणि अफझलगंजला लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. गौलीगुडा तिथून हाकेच्या अंतरावर, पण कुठल्या बाजूला ते आठवेना. त्यानंतर बाई त्यांना रिक्षानं न्यायला लागल्या. त्या आत बायकांत बसायच्या, बाहेर डाव चालायचा. दोन-चार रविवार झाल्यावर शिवराज त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आला.

"वहिनी, नक्को आणू त्याला," तो खाली बघत म्हणाला. "आमच्यात सगळ्यांत हुशार तो होता. कुणी कोणता पत्ता कधी टाकला, सगळं त्याच्या डोक्यात. आता आम्हीच त्याला जिंकवतो. त्याला ते कळतं का नाही ठाऊक नाही. पण मला बघवत नाही."

बाईंना राग आला. रिक्षात बसेपर्यंत तो मावळलाही, कारण त्यांनाही बघवत नव्हतं. फरक एवढाच, की त्यांना जिन्यावरून परत फिरता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी अंबाजी बूट घालून बसले, संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि ते बूट न काढताच आडवे झाले. बाईंनी बूट काढले. दुसऱ्या दिवशी गौरी घरूनच काम करत होती. बाई कपाटातली दोन पुस्तकं घेऊन तिच्यापुढं उभ्या राहिल्या.

"हे मला वाचून सांग. इंग्रजी आहे."

गौरीनं वर बघितलं. "आई, हे पत्त्यांचं आहे."

"ठाऊक आहे."

"तुम्ही शिकणार? मग यूट्यूबवर लावून देते ना, पटकन कळेल."

"नको. त्यांनी ज्यातनं वाचलं त्यातनंच सांग."

गौरी रोज काम संपलं की तासभर वाचायची आणि आपल्या मराठीत सांगायची. बाई वाटाणे सोलत ऐकायच्या. सिक्वेन्स म्हणजे काय, जोकर कुठं लावायचा, हातातला मोठा पत्ता कधी सोडायचा. पत्ते आणायला त्या स्वतः गेल्या. मलकपेठच्या बाजारात स्टेशनरीवाल्याकडे हळूच मागितले आणि कोथिंबिरीच्या जुडीखाली घालून घरी आणले, जणू चोरीचा माल. पुडकं फोडताना गुळगुळीत नवे पत्ते बोटांतून निसटून जमिनीवर पसरले, आणि माळ्यावरून खाली ऐकू येणारा वडिलांचा आवाज त्यांच्या कानात भरला. आईची क्षमा मागावी की काय असं वाटलं. मग त्यांनी वाकून एकेक पत्ता गोळा केला.

रमी जमल्यावर गौरीनं पोकरचं पुस्तक काढलं. "हे तसं उपयोगाचं नाही, आई. पण मजेशीर आहे. यात म्हणतात, पत्ते बघू नका, समोरच्याचा चेहरा बघा. चांगला पत्ता आला की प्रत्येक माणूस काहीतरी करतोच म्हणे, नकळत."

"हे काय करत असतील?" बाईंनी विचारलं.

बाईंनी आठवून बघितलं. संसार केला होता, पोटचा मुलगा वाढवला होता, आजारपणं काढली होती. पण पत्ते हातात असताना हा माणूस कसा दिसतो, ते त्यांनी कधीच बघितलं नव्हतं.

एका दुपारी अंबाजी झोपेतून उठले तेव्हा बाईंनी पलंगावर चादर सारखी केली, मधे पत्ते ठेवले आणि समोर बसल्या. अंबाजींनी पत्त्यांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जागा झाला. हात आपोआप पुढं आले आणि पत्ते असे पिसले गेले, जसं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावं. मग त्यांनी बाईंकडे बघितलं.

"तुम्ही शिवराजकडनं आल्या का?"

जन्मभर 'अगं' आणि 'तू' ऐकलेल्या कानांवर तो 'तुम्ही' गरम तेलासारखा पडला. बाईंनी पदर सावरला.

"हौ," त्या म्हणाल्या.

"बरं केलं. वाटू?"

त्या दिवसापासून रोज दुपारी डाव बसू लागला. कधी अंबाजी लख्ख खेळायचे, कधी मधेच पत्त्यांची चित्रं बघत बसायचे. चांगला पत्ता आला की ते डाव्या कानाची पाळी चोळायचे. हे बाईंना कळलं त्या दिवशी त्या गौरीला सांगायला धावल्या आणि सांगता सांगता रडल्या.

समोरच्या बाईंशी अंबाजी फार अदबीनं वागायचे. पाणी विचारायचे, पंखा त्यांच्याकडे वळवायचे. आणि घरच्या बाईबद्दल बोलायचे.

"आमच्या मंडळींना पत्ते आवडत नाहीत," एकदा म्हणाले. "तिच्या वडिलांचं लई वाईट झालं. घरी कुणाला बोलू नका, मी खेळलो म्हणून."

"नाही बोलणार."

"ती बाहेर गेलीय. यायच्या आत आवरू."

आणखी एकदा, पत्ते लावता लावता, विचारल्याशिवायच म्हणाले, "ती कधी समोर बसावी असं लई वाटायचं बघा. डोकं चांगलं आहे तिचं."

बाईंनी हातातला पत्ता खाली ठेवला. "मग विचारलं का नाही कधी?"

"विचारलं असतं तर बसली असती ना. माझ्यासाठी बसली असती." अंबाजींनी मान हलवली. "म्हणूनच नाही विचारलं."

त्या दिवशी बाईंच्यानं राहवलं नाही. त्यांनी पुढं होऊन त्यांचा हात धरला. "अहो, मीच आहे. मी भाग्या. बसलेय बघा समोर."

अंबाजींनी हात ओढून घेतला. चेहरा भेदरला. "तसं बोलू नका, बाई. ती पत्त्याला हात लावत नाही." पत्ते चादरीवर टाकून ते उठले आणि आतल्या खोलीकडे गेले. "अगं भाग्या, भाग्या," हाका मारत त्यांनी पडदा सारला, कपाटाआड बघितलं. आवाज चढत चालला. बाई मग उठून स्वैपाकघरात गेल्या, ओट्याजवळ उभ्या राहिल्या आणि तिथून ओ दिली.

अंबाजी दारात आले. ओट्यापाशी त्यांना बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "आलीस तू. अगं, बाहेर एक बाई आल्यात, पत्ते घेऊन. शिवराजनं पाठवल्यात. काहीतरीच बोलतात. तू रागावू नको, मी सांगतो त्यांना जायला."

बाईंनी नळ सोडला, कारण काहीतरी आवाज हवा होता. "नका सांगू," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "खेळा. मी रागावत नाही."

"खरंच?"

"खरंच. आधीच सांगायला हवं होतं मी. खेळा घरात."

अंबाजी मग हसले, लहान मुलाला सुट्टी मिळावी तसे, आणि बाहेर गेले. बाईंनी तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि बाहेर येऊन समोर बसल्या. "मंडळींनी परवानगी दिली बघा," अंबाजी त्यांना सांगत होते. त्यांचा हात कानाच्या पाळीवर होता आणि पत्ते तर अजून वाटलेही नव्हते.

त्यानंतर बाईंनी आपली ओळख सांगितली नाही. पण मनात काटा राहिलाच. दुपारी समोर बसलेल्या बाईचा त्यांना कधी हेवा वाटायचा, कधी स्वैपाकघरातल्या बाईची कीव यायची. दोघी आपणच आहोत हे गौरीशिवाय कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. विकास ऑफिसातून आला की दारातूनच विचारायचा, "बाबा कसे आहेत?" आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. त्याचं दुःख त्याच्यापाशी. बाईंनी त्याला दोष दिला नाही.

उन्हाळ्यापर्यंत अंबाजींना पंख्यासारखे पत्ते धरता येईनासे झाले. बाई पत्ते त्यांच्या बोटांत लावून द्यायच्या, ते गळून पडायचे. मग नुसते हातात धरून बसायचे. मग तेही नको झालं. घरात 'अगं भाग्या' अशी हाक यायची तीही थांबली. आता सगळ्यांनाच 'तुम्ही'.

पावसाळ्याच्या तोंडाला छातीत कफ साठला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवस ते बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे बराच वेळ बघितलं.

"तुम्ही अजून इथंच?" ते म्हणाले. "घरी वाट बघत असतील तुमची. जावा आता."

"जाते," बाई म्हणाल्या, आणि बसून राहिल्या. दुपारी विकास पोचायच्या आत अंबाजी गेले.

तेराव्याला शिवराज आला. जेवून झाल्यावर तो ओसरीत बराच वेळ घुटमळला. कुणाकडून तरी त्याला सगळं कळलं होतं.

"वहिनी, तुम्ही शिकलात म्हणे. आमच्याकडे आता दोघंच उरलेत. कधी यावंसं वाटलं तर..."

"मला दोघांचाच डाव येतो," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला पान दिलं, गेटपर्यंत सोडलं.

विकासला कपाट रिकामं करायचं होतं. पुस्तकं आबिड्सच्या फुटपाथवाल्याला देऊ म्हणाला, त्याच्याकडनंच तर आणली होती. बाई नाही म्हणाल्या नाहीत. फक्त थोडं थांब म्हणाल्या, पोकरच्या पुस्तकातला शेवटचा भाग वाचायचा राहिला होता. गौरी तो संध्याकाळी वाचते. बाई ऐकतात. समोरच्याची खूण ओळखली तरी ओळखली असं दाखवू नये, असं आलं की थांबवतात.

"हे त्यांना ठाऊक असेल का गं?"

"असेल ना, आई. वाचलंय त्यांनी."

"हं," बाई म्हणतात. "पुढं वाच."