वरच्या वितीची माती

माणूस फार गोड बोलायला लागला की माझ्या मनात पाल चुकचुकते. सासूचंही तसंच होतं. आमचं दोघींचं बाकी कशात जमलं नाही, संशयात मात्र बराबर जमायचं. आणि संशय घ्यायला कारणंही कमी नव्हती हो!

तीर्थपुरीच्या बाजारापासून कोसभर आत आमचं गाव. सत्तरच्या पुढची ती वर्षं. शेत म्हणजे गायरानाचा दोन एकरांचा तुकडा. बौद्धवाड्यातल्या माणसाला चांगली जमीन कोण देणार? सासऱ्यांनी बाभळी तोडून, दगड वेचून तो तुकडा नांगराखाली आणला होता. ते गेले. नवरा जालन्याला मस्तगडला एका दुकानात हमाली करायचा. मग शेत आम्ही दोघीच बघायचो, ज्वारी आणि तूर. तलाठ्याच्या कागदावर आमचं नाव कुठंच नव्हतं. गायरानात नांगर घालणं गुन्हा, आणि पाटलांना तो तुकडा गुरांसाठी हवा होता. आज उठवतील की उद्या, एवढंच आमच्या घरातलं बोलणं.

अशात एक दिवस शेतकी कॉलेजचा एक माणूस आला. शर्ट-पँट, चष्मा, हातात फावडं, खांद्यावर कापडी पिशव्या. उतरला पाटलांकडंच. आधी त्यांच्या मोसंबीच्या बागेत खड्डा घेतला, मग मोकळ्या गायरानात, आणि तिसरा आमच्या शेतात. कमरेइतकं खोल खणायचं. वीतभरावरची माती एका पिशवीत, हातभरावरची दुसरीत, तळातली तिसरीत. दर वेळी सुरी स्पिरिटनं पुसायची. एका थराची माती दुसऱ्याला लागली तर सगळं वाया जाईल म्हणे.

मी सरळ विचारलं, "साहेब, आमची माती कशाला नेऊन राह्यले?"

तो एकदम खुलला. "ताई, मातीत जीव असतात. डोळ्याला दिसत नाहीत, जिवाणू म्हणतात त्यांना. वरच्या वितीत पुष्कळ, खाली जाल तसे कमी. नांगरलेल्या जमिनीतले वेगळे, गवताच्या पडीतले वेगळे. नुसत्या मातीवरून अंदाज येतो, इथं नांगर फिरलाय का नाही."

म्हणजे माणसं गप्प बसली तरी माती सांगणार!

सासू माझ्या कानाशी लागली. "पाटलाचाच माणूस हाय हा. सकाळी त्यायच्याच घरून आल्ता. पुरावा न्यायला धाडलंय मेल्याला."

मला ते शंभर टक्के पटलं. नाहीतर पाटलाघरी सगळी सोय असताना आमच्या तांब्यातलं पाणी कुणी मागून पितं का? हा प्यायला होता, गटागटा.

दुपारी तो जेवायला गेला. पिशव्या ओल्या गोणपाटाखाली लिंबाच्या सावलीत ठेवल्या आणि मलाच म्हणाला, "जरा लक्ष ठेवा ताई, कुत्रं-बित्रं यायचं."

मी लक्ष ठेवलं. सासू पाण्याला गेली तशी वरच्या वितीची पिशवी सोडली, माती आमच्या नांगराच्या तासात ओतली आणि बांधापलीकडच्या गवताच्या मुळांतली माती मुठीनं भरली. गाठ होती तशीच मारली. खालच्या दोन पिशव्यांना हात लावला नाही. तितक्या खोल आमचा नांगर कुठं पोचतो? त्यानंच शिकवलेलं त्याच्यावर उलटवलं म्हणून मी मनातल्या मनात केवढी खूश! तो आला, हात जोडून "उपकार झाले" म्हणाला आणि गेला.

पुढच्या साली बातमी आली. जे लोक बऱ्याच वर्षांपासून गायरान कसतात, त्यांच्या नावे जमीन होणार. सासूनं आनंदानं माझ्यावरून बोटं मोडली. मला मात्र ती गवताखालची माती आठवली.

चावडीवर चौकशीला तहसीलचे साहेब आले. पाटील म्हणाले, "यांनी काल-परवा मोडून नांगरलंय ते." आमच्या बाजूनं बोलायला गावातला एक माणूस उठला नाही. साहेबांनी विचारलं, काही कागद आहे का? ग्रामसेवकानं कपाटातून एक काढला. त्या कॉलेजवाल्यानं इमानदारीनं प्रत्येक तुकड्याचा निकाल पंचायतीला पाठवला होता. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. आमच्या शेताच्या वरच्या थरातले जिवाणू शेजारच्या गवताळ गायरानासारखेच आहेत, तिथं फार वर्षं नांगरट झाल्याचं दिसत नाही.

"घ्या!" पाटील म्हणाले. "शिकलेला माणूस खोटं लिहिन का?"

मी उठून सांगायला पाहिजे होतं. कोण विश्वास ठेवणार, वर चोरीचा आळ येईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सासू शेजारी बसली होती आणि तिच्यासमोर माझी जीभच उचलली नाही. लाज वाटली, अजून वाटते.

जमीन गेली. पेरणीच्या आत तिथं पाटलांची गुरं होती.

चावडीवरून घरी येताना सासू वाटभर त्या माणसाला शिव्या घालत होती. "हात झडो मेल्याचे! पाटलाकडून खाऊन खोटं लिहिलं. मी म्हणत न्हवते?" मग थांबली, माझा हात धरला. आमच्या घरात असा हात कुणी कुणाचा धरत नसे. "तुला बी तवाच कळलं व्हतं, न्हाई का गं पोरी?"

"हो आत्याबाई," मी म्हणाले. "तवाच."