नवरा नको, बँड दाखवा

१९८४ साल होतं, मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, आणि भातं झोडून झाल्यापासून दर रविवारी एसटीनं गावोगाव हिंडून मेलेल्या धाकट्या भावाचा चेहरा शोधत होतो. बरोबर माझा साडू असे. हा साडू म्हणजे साऱ्या रत्नागिरीत सूर्यावर रोज नव्यानं रागावणारा एकच माणूस. दुसरा असला तर मला दाखवा. ऊन लागतं म्हणून लोक कुरकुरतात ते वेगळं. ह्याचं भांडण असं की, सूर्य ज्या वेळी जिथं हवा तिथं नसतो, आणि असला तर बेअकली माणसासारखा डोक्यावर येऊन उभा राहतो.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, फोटोग्राफर होता. रामआळीत एका जिन्याखाली त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ नावाला. पडदा होता, खुर्ची होती, एक खिडकी होती, दिवे होते, पण दिवे लावायचे म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. फ्लॅशचा तर त्याला मनापासून तिटकारा. म्हणायचा, “झोपलेल्या माणसाच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि मग तो कसा दिसतो ते लोकांना दाखवायचं, तसलं आहे ते.” त्याला खिडकीचा उजेड चाले, ओटीवरचा चाले, पाऊस थांबल्यावर तासाभराने येतो तो फार चाले. बोलताना तो तुमच्याकडे असा टक लावून बघे की वाटावं, काय मन लावून ऐकतोय. मी एकदा त्याला माझ्या दुखऱ्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगितली, चांगला अर्धा तास. शेवटी म्हणाला, “साडूभाऊ, जरा डावीकडं वळा. नाकाची सावली ओठावर येत्ये.”

पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाला हा मांडवीच्या धक्क्यावर घेऊन जायचा. शाळेतल्या एका मास्तरांच्या मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो काढायला घरी बोलावलं, तर ह्यानं ओटी बघितली, माजघर बघितलं, देवघरसुद्धा बघितलं आणि शेवटी मुलीला शालूसकट गोठ्यात नेऊन उभी केली. एकच दार, त्यातून एका अंगानं येणारा उजेड, मागं काळोख. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. पण फोटो असा आला की पहिल्याच स्थळानं होकार कळवला, आणि वर विचारलं, एवढा मोठा दिवाणखाना असलेलं घर आम्हाला झेपेल का.

तशीच शिंप्याची गोष्ट. बाजारात एका शिंप्यानं तेव्हा नवीन निघालेला सफारी सूट शिवून आपल्या मेहुण्याला घातला आणि म्हणाला, दुकानात लावायला झोकदार फोटो काढ. साडूनं मेहुण्याला मिरकरवाड्यात नेलं. तिथं मांडवांवर बोंबील सुकत टाकलेले असतात, ओळीनं, झालरीसारखे. त्यातून गाळून येणारा उजेड म्हणे मलमलीसारखा असतो. दीड तास त्या मेहुण्याला बोंबलांच्या पडद्याआड उभा ठेवला. फोटोत तो असा दिसला की जणू परदेशातून आजच उतरलाय. सूट मात्र तीनदा धुतला तरी कोणी अंगाला लावेना. पण तो फोटो बघून गावातल्या निम्म्या बापयांनी सफारी शिवले, हे शिंपी मरेपर्यंत सांगायचा, नाकावर हात ठेवून.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मी तिसरी शिकलेला. पण क्लॅरोनेट माझ्यासारखी वाजवणारा जिल्ह्यात नव्हता, आणि माझा दहा जणांचा बँड होता. लाल कोट, पिवळ्या झालरी, पितळी बटणं, आणि पुढे काळं चकचकीत झापड असलेल्या टोप्या. धाकटा भाऊ साइड ड्रम वाजवायचा. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, मीच त्याला वाढवला.

त्याचं लग्न झालं ते गोरज मुहूर्तावर, लांज्याकडच्या वाडीत. साडू कॅमेरा घेऊन आला, मांडवात बसला, मावळतीकडे बघितलं आणि कॅमेरा पिशवीत घातला. म्हणाला, “उजेड गेला. उद्या सकाळी दोघांना माझ्याकडं आणा, काढतो.” मी म्हटलं, “फ्लॅश मार की.” तो म्हणाला, “भाच्याच्या मुंजीत मारला नाय, इथं मारू?” दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पावसला लग्नाची सुपारी होती. बँड गेला, नवरा ड्रम घेऊन बँडाबरोबर गेला, आणि तो फोटो राहिला तो राहिलाच. तेव्हा आम्ही त्यावर हसायचो.

मग ब्याऐंशीच्या मे महिन्यात मी ठरवलं की बँडाचा फोटो काढून छापील कार्डं वाटायची. साडूला मनातून आनंद झाला. चार दिवस जागा शोधत फिरला आणि म्हणाला, “शहराबाहेर चिरेखाण आहे, तिथं साडेचारला या. तांबड्या भिंतीवरून परत येणारं ऊन तोंडावर पडतं, माणूस देवळातल्या समईपुढं बसल्यासारखा दिसतो.” मी म्हटलं, खाणीत गाढवं उभी करतात. मला मागे समुद्र पाहिजे. शिवाय लग्न नसताना लाल कोट घालून गावातून कोण चालेल. म्हणून एका लग्नाच्या मुहूर्तानंतर आणि वरातीच्या आधी, भर दुपारी, भाट्याच्या वाळूवर सगळ्यांना उभं केलं.

साडूनं वर बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. “टोप्या काढा.”

“टोपी काढून बँडवाला उभा राहत नाय,” मी म्हटलं.

“झापडाची सावली पडत्ये. डोळे येणार नाहीत.”

“डोळे कुणाला बघायचेत? बँड बघायचाय.”

“मग कोट दोरीवर वाळत घाला, त्यांचाच काढतो. आत माणसं कशाला भाजताय?”

मागच्या ओळीतून भाऊ म्हणाला, “दादा, काढूया की. डोकं तरी गार होईल.”

“तू गप ऱ्हा,” मी म्हटलं.

तो गप राहिला. फोटो निघाला. बटणं अशी चमकली की मोजून घ्यावीत. माझी टोपी जरा मागे सरकलेली असायची, कारण क्लॅरोनेट वर धरून वाजवतो, त्यामुळे माझं तोंड दिसत होतं. बाकी नऊ जणांना झापडाखाली नुसती हनुवटी होती. मला तेव्हा तो फोटो फार आवडला.

चौऱ्याऐंशीच्या भाद्रपदात भाऊ काविळीनं गेला. आठ दिवसांत. बाराव्यानंतर भावजय माझ्याकडे आली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. दाराशीच उभी राहिली. म्हणाली, “दादानू, घरात त्यांचा एक फोटो नाय. हिला आता काय समजत नाय. मोठी झाली की बाप म्हणून मी काय दाखवू?”

मी तिला भाट्याचा फोटो दिला नाही. देण्यासारखा नव्हता. तो घेऊन मी साडूकडे गेलो. त्यानं निगेटिव्ह काढली आणि आठ दिवस डार्करूममध्ये घालवले. जेवायला बाहेर यायचा तेव्हा हाताला औषधांचा वास, डोळे तांबडे. त्यानं मोठा केला, फिका केला, पुठ्ठ्याचा तुकडा तारेला लावून तेवढ्या भागावरचा उजेड अडवून बघितला. शेवटी ओले कागद माझ्यापुढे ठेवले. हनुवटी होती, मिशीचं एक टोक होतं. वर काळोख.

“जिथं उजेड गेलाच नाय, तिथून मी काय काढू, साडूभाऊ?”

“रंगव,” मी म्हटलं. “तुझ्याकडं ब्रश आहेत. डोळे रंगव.”

“रंगवतो. पण ते डोळे माझे होतील. पोरगी जन्मभर माझ्या हाताला बाप म्हणेल.”

मी रागानं उठलो आणि चालू पडलो. त्याच्यावर राग नव्हता, पण तेव्हा मला तो त्याच्यावरच आहे असं वाटत होतं. तीन दिवसांनी तो घरी आला, वहाणा न काढता ओटीवर बसला आणि म्हणाला, “तो दहा-बारा वर्षं लग्नांत वाजवत होता. प्रत्येक लग्नात कोणीतरी फोटो काढलाय. कुठं ना कुठं तो सापडेल. चला.”

असे आम्ही निघालो. पाली, हातखंबा, निवळी, जाकादेवी, पावस. लग्नांची गावं मला पाठ होती. एसटीतून उतरायचं, चालायचं, दाराशी उभं राहून साडूनं सांगायचं, “तुमच्या लग्नाचा अल्बम बघायचाय. नवरा-नवरी राहू देत. बँड दाखवा.” लोक आधी आमच्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे. एका यजमानाला वाटलं वाजवण्याबद्दल जुनी काही तक्रार घेऊन आलोय, तो घाबरून म्हणाला, “तुमचं वाजवणं चांगलं होतं हो.” एका म्हातारीनं नातवाच्या लग्नाचा अल्बम आमच्या हातात द्यायचं नाकारलं, स्वतः धरून बसली आणि प्रत्येक पानावर आपल्या माहेरच्या माणसांची ओळख करून दिली. साडू मान डोलवत बसला. मला माहीत होतं, तो तिच्या तोंडावरचा उजेड बघतोय.

पण त्या अल्बमांतून जे निघालं ते वाईट होतं. बँड लग्नात सगळ्यांच्या पुढे चालतो, फोटोत मात्र कुठेच नसतो. कुठे कडेला अर्धा ड्रम. कुठे कोटाची बाही. कुठे पाठ. एका फोटोत भावाचे दोन हात सापडले, काठ्या वर उचललेल्या, आणि कागद तिथंच संपला होता. मी मात्र सात अल्बमांत सापडलो. कॅमेरा दिसला की मी पुढे घुसायचो, क्लॅरोनेट वर करून. दोन फोटोंत तर भाऊ माझ्या बरोबर मागे असणार, कारण माझ्या खांद्यावरून ड्रमचा पट्टा दिसत होता. साडूनं ते पाहिलं आणि पान उलटलं. 

निवळीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तो आपणहून म्हणाला, “यातले निम्मे फोटो माझे आहेत. तीस वर्षं मी बँडवाल्यांना बाजूला व्हा म्हणून सांगत आलो. बटणं चमकतात, उजेड बिघडतो म्हणून.” मी एसटी दिसते का म्हणून रस्त्याकडे वळलो. तो पुन्हा म्हणाला, “त्याच्या लग्नात नुसता एक फ्लॅश मारायचा होता.” मी म्हटलं, “मी टोपी काढू दिली नाय.” मग एसटी आली. आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

सापडला तो लांज्याच्या पुढे, एका मुंबईकराच्या घरात. अल्बममध्ये काही नव्हतं. आम्ही उठत होतो, तेवढ्यात घरची बाई म्हणाली, “चुलतदीर मुंबईवरून आलेले, त्यांनी छोट्या कॅमेऱ्यानं काढलेले काही आहेत ट्रंकेत. पण ते फुकट गेलेले, अल्बमात लावण्यासारखे नायत.” तिनं पाकीट आणलं. वाकडे, हललेले, कुणाची मुंडकी तुटलेली. त्यातला एक पंगतीचा होता. पुढे नवऱ्याकडचे कोणी जेवत होते, आणि मागे, मांडवाच्या टोकाला, जमिनीवर बँडवाले. माझा भाऊ पत्रावळीपुढे बसलेला, टोपी गुडघ्यावर, तोंडात घास, आणि मान वळवून कुणाकडे तरी बघून हसत होता. मांडवाच्या झावळ्यांतून ऊन गळत होतं, त्याचा एक ठिपका त्याच्या कपाळावर आणि एक गालावर. चेहरा चिंचोक्याएवढा.

साडूच्या शास्त्रात असल्या उजेडासारखा वाईट उजेड दुसरा नव्हता. त्याला तो ‘गोधडी’ म्हणायचा आणि असल्या जागी बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवून घरी पाठवायचा. तो फोटो घेऊन तो ओटीवर गेला आणि बराच वेळ बघत बसला. शेवटी मीच म्हटलं, “उजेड वाईट आहे ना रे?”

“नाय,” तो म्हणाला. “राहू दे. चांगला आहे.”

त्यानं तिथंच त्या फोटोचा फोटो घेतला. घरी येऊन मोठा करायला गेला तर चेहरा विस्कटायला लागला, वाळू सांडल्यासारखा. मग लहान करत करत, जिथं भाऊ पुन्हा भाऊ दिसला तिथं थांबला. विड्याच्या पानाएवढा झाला. भोवती रुंद पांढरा कागद ठेवून त्यानं स्वतः काच बसवली आणि संध्याकाळी आम्ही दोघं भावजयीकडे गेलो.

तिनं फ्रेम घेतली, पदरानं पुसली, जवळ धरली. मग मला विचारलं, “कुणाकडं बघून हसतायत हे, दादानू?”

 त्या पंगतीला मी तिथं नव्हतो. मी बँडमास्तर म्हणून आत यजमानाबरोबर पाटावर बसलो होतो. बाकीच्यांना मांडवाच्या टोकाला मीच बसवलं होतं.

साडू म्हणाला, “वाढप्याकडं. कढी मागत असणार.”

“कढी लागायचीच त्यांना,” ती म्हणाली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मुलीला उचलून तिनं फ्रेमजवळ नेलं. मुलीनं काचेवर बोट ठेवलं आणि बोट उचललं तेव्हा तिथं ठसा उमटला होता. भावजयीनं तो पुसला नाही.

परत येताना साडूनं वाटेत कुणाची हनुवटी धरून वळवली नाही, आकाशाकडेसुद्धा बघितलं नाही. पुढे रंगीत फोटो आले, बाजारात लखलखीत दिव्यांची दुकानं निघाली आणि त्याच्या जिन्याखाली कुणी फिरकेनासं झालं. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही दुपारनंतर खिडकीतून तिरका उजेड आत आला की मी उगाचच जरा डावीकडे वळून बसतो.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बँडातल्या उरलेल्या आठही जणांच्या घरी गेलो, आंघोळ करून साध्या सदऱ्यात चला म्हटलं, आणि एकेकाला साडूच्या खिडकीशी नेऊन बसवलं.