हळद लावायची नाही

दत्तराव गुरुजींचं नाव आधी लिहितो, कारण मला लिहायला त्यांनीच शिकवलं.

पुसेगावच्या आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. गुरुजी गोरेगावच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्यांचा मुलगा विलास माझ्या वर्गात होता. आम्ही दोघं एकाच भरतीत धावलो आणि एकाच पलटणीत गेलो. पहिल्या पोस्टिंगवरून मी गुरुजींना पत्र लिहिलं. काही दिवसांनी तेच पत्र मला परत आलं. त्यात लाल शाईनं सतरा चुका दुरुस्त केल्या होत्या आणि खाली एक ओळ होती, "पुढच्या पत्रात दहाच्या आत."

विलास म्हणाला, "तुला शाई तरी लावली. मला छडीनं दुरुस्त केलं."

मी लिहीत राहिलो. बाहेरून परीक्षा देता येते हे गुरुजींनीच कळवलं, फॉर्म पाठवला, पुस्तकं पाठवली. बंकरमध्ये स्टोव्हजवळ बसून मी अभ्यास केला. नोकरीच्या आठव्या वर्षी बी.ए. झालो. तेव्हा मी लान्स नायक होतो, विलासही लान्स नायक.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी सुटीवर आलो आणि हिंगोलीत जाऊन डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, 'बी.ए.' असं गोंदवून घेतलं. फौजेत टॅटूचे नियम कडक आहेत. कुठं चालतो आणि कुठं नाही ते मी आधी विचारून घेतलं होतं. जागा बरोबर होती. आई हात धरून बघत राहिली. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग झाकून काहून ठेवतो?"

गोंदणाऱ्यानं मला सगळं नीट सांगितलं होतं. कोमट पाण्यानं धुवा, मलमाचा पातळ थर लावा, दुसरं काही लावू नका, धुळीत जाऊ नका. मी मान हलवली. पण आमच्याकडं तेव्हा हळद शिजवायची घाई होती. तिसऱ्या दिवशी मी वाळलेली हळद फिरत्या ड्रममध्ये घासून पॉलिश करायला उभा राहिलो. दिवसभर पिवळी धूळ उडत होती. संध्याकाळी हात चुरचुरायला लागला, तेव्हा ड्रमखाली पडलेली तीच हळद तेलात कालवून मी टॅटूवर दाबून लावली. आमच्या भागातला माणूस हळदीवर संशय घेत नाही. ती पोत्यातली, मातीतली, बैलाच्या पायाखालून गेलेली हळद आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सुटी संपली. वरच्या, बर्फातल्या पोस्टवर जाण्याआधी सहा दिवस ट्रान्झिट कॅम्पमध्ये हवामानाची सवय करावी लागते. तिथं रोज तपासणी होते. ब्लडप्रेशर घ्यायला मी रोज उजवा हात पुढे केला. डाव्या हाताची बाही खाली होती. खपली निघाली होती आणि आत ओल होती. मला वाटलं, भरून येईल.

पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. कमांडर हवालदार शिंदे होते. विलास आधीपासून तिथंच होता. पहिल्याच दिवशी त्यानं माझी बाही वर केली आणि मोठ्यानं हसला. "लोकं डिग्री भिंतीवर लावतेत लेका, तू कातड्यावर लावली!" त्याच दिवशी त्यानं घरी पत्र लिहिलं आणि त्यात ही बातमी घातली.

तीन दिवसांनी त्यानं पुन्हा पाहिलं. यावेळी तो हसला नाही.

"तुझी बी.ए. पिकून राहिली, सुभाष. नर्सिंगवाल्याला दाखव."

"दाखवतो."

"कधी?"

"हासतील रे समदे. सुटीत जाऊन काय धंदे केले म्हणतील."

"हासू दे की. हासण्यानं काय हात तुटतो?"

मी दाखवलं नाही. हात दुखत होता, पण चालवून घेता येत होता. मी चालवून घेतलं.

पुढच्या सकाळी लिंक पेट्रोल होती. आमच्या पोस्टवरून शेजारच्या पोस्टपर्यंत पाच जणांनी जाऊन यायचं. यादीत तिसरं नाव माझं होतं. सकाळी ०५३० ला फॉल इन झालं, सगळे रांगेत लागले. मी उभा होतो, पण रायफल हातात थरथरत होती. शिंदे साहेब समोर आले. त्यांनी हातमोजा काढून माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप आहे. किती दिवस?"

"कालपासून, साहेब."

नर्सिंग असिस्टंटनं थर्मामीटर लावला. एकशे तीन. त्यानं माझ्या कोटाची बाही वर ओढली. बाही कातडीला चिकटली होती. त्यानं ती कापली.

"अटेंड सी," तो म्हणाला. म्हणजे ड्युटी माफ. "हा आज पोस्टच्या बाहेर पाऊल टाकणार नाही."

शिंदे साहेबांनी यादी काढली. पाचवा माणूस हवा होता. विलास आदल्या दिवशीच पेट्रोल करून आला होता. त्या दिवशी त्याची विश्रांती होती. तो स्टोव्हजवळून उठला. "माझं नाव घाला, साहेब. रस्ता कालच पाहिलाय."

त्यानं माझी दोरी आणि माझी प्रोब घेतली. प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई. निघताना तो माझ्याजवळ वाकला.

"आता घाई हाय. आल्यावर हासतो तुला."

०६०० ला पेट्रोल निघाली. मला झोपायला सांगितलं होतं, पण मी रेडिओ सेटजवळ जाऊन बसलो. ऑपरेटरनं मला उठवलं नाही. ०७१० ला आवाज आला, "चार्ली, चार्ली वन. पहिला पॉइंट ओके. ओव्हर." चार्ली म्हणजे आमची पोस्ट, चार्ली वन म्हणजे पेट्रोल. आवाज शिंदे साहेबांचा होता, पेट्रोल तेच नेत होते. त्यानंतर तीस मिनिटं काही नाही. ०७४० ला पुन्हा तोच आवाज आला.

"चार्ली, चार्ली वन. स्लाइड. एक मॅन खाली. नंबर तीन. ओव्हर."

स्लाइड म्हणजे वरून बर्फ घसरला होता. नंबर तीन ही माझी जागा होती.

ऑपरेटरनं विचारलं, "चार्ली वन, नाव कन्फर्म करा. ओव्हर."

"विलास. शोध चालू. आउट."

पोस्टवरून आणखी तिघं धावले. मी उठलो, तेव्हा नर्सिंग असिस्टंटनं मला छातीवर हात देऊन खाली बसवलं. १११५ ला विलास सापडला. चार फुटांखाली होता. सेटवर एवढंच आलं, "मिळाला. नो लाइफ. ओव्हर." ऑपरेटरनं रॉजर म्हटलं आणि लॉगबुकमध्ये वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. विलासला आणि मला त्यातूनच खाली आणलं. तो पुढे गोरेगावला गेला, मी इस्पितळात. हात वाचला. 'ए'ची जागा मात्र डॉक्टरांना कापून काढावी लागली. आता माझ्या हातावर 'बी' आहे आणि त्याच्यापुढे एक खळगा आहे. मी बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

विलासच्या अंत्ययात्रेला मी नव्हतो. नंतर गेलो तेव्हा गुरुजींनी एकच विचारलं, "त्या दिवशी त्याची पाळी नव्हती म्हणे." मी म्हणालो, "माझी होती. मला ताप होता." ते म्हणाले, "तापाला कोणाचा इलाज असतो." मी होकार दिला. ताप खरा होता. तो कशानं आला, हे मी सांगितलं नाही. त्या वर्षीही सांगितलं नाही आणि नंतरच्या बारा वर्षांतही नाही.

गेल्या वर्षी गुरुजींच्या पत्नी गेल्या. यंदा मार्चमध्ये गुरुजींनी मला बोलावून घेतलं. मी आता निवृत्त आहे. पुसेगावहून जीपनं गेलो.

"हिच्या हातावर विलासचं नाव गोंदलेलं होतं," ते म्हणाले. "त्याच्या बारशानंतर गोंदवून घेतलं होतं तिनं. ते तिच्यासंगं जळालं. आता मला माझ्या हातावर पाहिजे. विलासच्या शेवटच्या पत्रात होतं, तू डिग्री हातावर काढली म्हणून. म्हणजे तुला माहीत असणार, काय काय तयारी लागते."

मी म्हणालो, "माहीत आहे, गुरुजी."

त्यांचं वय बहात्तर, त्यात शुगर. मी आधी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. तपासणी झाली, रक्त पातळ करायची गोळी नाही ना हे पाहिलं. डॉक्टरांनी होकार दिला आणि जखम रोज बघायला सांगितलं. मग ज्या दिवशी जायचं त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना वेळेवर झोपायला लावलं. सकाळी पोटभर भाकरी खायला घातली, बरोबर पाणी घेतलं. हिंगोलीच्या दुकानात सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं, त्यावरची तारीख वाचली, शाईच्या वाट्या नव्या आहेत ते पाहिलं. हातमोजे बदलायला लावले. दोनदा.

दुकानदार, पंचविशीतला पोरगा, म्हणाला, "काका, मिलिटरी से हो क्या? इतना तो मेरे उस्ताद ने भी चेक नहीं किया."

अक्षर गुरुजींचंच होतं. त्यांनी कागदावर पाच वेळा 'विलास' लिहिलं आणि पाचवं पसंत केलं. त्यावरून छाप घेतला. ते पोराला म्हणाले, "काना तुटला तर सगळं पुन्हा लिहायला लावीन." पोरगं हसलं. मशीन सुरू झाल्यावर गुरुजींनी डोळे मिटले. हात जरासुद्धा हलवला नाही.

मी रोज गोरेगावला जाऊ लागलो. साबणानं आपले हात धुवायचे, मग कोमट पाण्यानं त्यांचा हात धुवायचा, स्वच्छ कापडानं टिपायचा, पुसायचा नाही. मलम इतकं पातळ की कातडी दिसली पाहिजे. सैल सुती बाही. मी हे सगळं तसंच करत होतो, जसं माझ्या हाताचं करायला हवं होतं.

चौथ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा गुरुजींची थोरली बहीण सखूआक्का वाटी घेऊन बसली होती. वाटीत तेलात कालवलेली हळद. तिचं बोट हातापासून वीतभर अंतरावर होतं.

मी वाटी हिसकावली. जास्त जोरात. हळद फरशीवर आणि गुरुजींच्या धोतरावर सांडली.

"अगं बाई!" आक्का म्हणाली. "बाळंतिणीपासून बैलापर्यंत समद्याला हळद लावली म्या. काई झालं न्हाई कोणाला. ह्याला काय येड लागलं का?"

"हळद लावायची नाही, आक्का."

"काहून?"

मी रिकामी वाटी खाली ठेवली. गुरुजी धोतरावरच्या डागाकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सुभाष, हळदीनं कोणाला काय झालं?"

"दुकानवाल्यानं सांगितलंय."

"तू एवढा घाबरलास, ते दुकानवाल्याच्या सांगण्यानं? बारा वर्षं झाली, तुझी डिग्री मी पाहिली न्हाई. उन्हाळ्यात बी पूर्ण बाह्या काहून घालतोस तू?"

मी फरशी पुसली. मलम लावलं. परतीच्या जीपमध्ये बसलो. घरी येऊन खालचं पत्र लिहिलं आणि सकाळी पोस्टात टाकलं. गोरेगाव इतकं जवळ आहे की चालतही जाता येईल. पण गुरुजींना खरं सांगायचं तर ते मला लिहूनच येतं.

पुसेगाव,
मंगळवार

ती. गुरुजींस साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत, हळदीनं कोणाला काय झालं. विलासला झालं.

मला ताप होता हे खरं आहे. तो माझ्या हातामुळे आला होता. टॅटूची काळजी मी घेतली नाही. पॉलिशच्या ड्रमखालची हळद लावली. ट्रान्झिट कॅम्पमध्ये हात लपवला. पोस्टवर विलासनं दोनदा पाहिला. दाखव म्हणाला. लोक हसतील म्हणून मी दाखवला नाही. दाखवला असता तर आदल्या दिवशीच माझं नाव कटलं असतं, दुसरी यादी झाली असती, आणि विश्रांतीच्या दिवशी विलास स्टोव्हजवळ बसला असता. पेट्रोलमध्ये तो माझ्या जागेवर होता. सळईसुद्धा माझीच नेली त्यानं.

त्याचे शेवटचे शब्द मी तुम्हाला सांगितले नव्हते. ते माझ्यासाठी होते. तो म्हणाला, "आता घाई हाय. आल्यावर हासतो तुला." तो रागावलेला नव्हता, गुरुजी. थंडी वाजत नसल्यासारखा चालत गेला.

तुमच्या हातावर आता खपली धरेल. खाजेल. खाजवू नका, वरून हलकेच थोपटा. आठव्या-नवव्या दिवशी पापुद्रे निघतील, ओढू नका. उन्हात बसू नका. विहिरीवर अंघोळ नको. शुगरची गोळी चुकवू नका. लाली पसरली, हात गरम लागला किंवा कणकण वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोणी हसलं तरी दाखवा. नाव चांगलं उठलं आहे. काना तुटलेला नाही.

या पत्रात चुका असतील. लाल शाई लावून परत पाठवलंत, तर पुन्हा घरात येईन. नाही पाठवलंत तरी मला समजेल. तोवर मलम ओट्यावर ठेवत जाईन, दार वाजवणार नाही.

तुमचा विद्यार्थी,
सुभाष