दादाचा उजवा, माझा डावा

दादा पलटणीतून घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. ट्रकचा मागचा फाळका हातावर पडला होता. आईनं हात उलटा-पालटा करून बघितला आणि विचारलं, "बाकीची कुठं हायत?"

"पलटणीत जमा केली," दादा म्हणाला.

त्याच्या खांद्यावर, गोणपाटात गुंडाळलेली, एक गिटार होती. दादा बँडमध्ये होता. तिथं गोव्याकडच्या एका जोडीदारानं त्याला गिटार शिकवली होती आणि अपघातानंतर स्वतःचीच देऊन टाकली होती. ज्याला तारा दाबायला बोटं उरली नाहीत त्याला गिटार का दिली, हे आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. आबा रेल्वेत गँगमन होते. त्यांनी ती ठोकून बघितली आणि लाकूड हलकं आहे असं सांगितलं. आई तिला डबडं म्हणायची.

आम्ही कोरेगावला राहत होतो. मी सांगलीला मास्तरीणबाईंचं ट्रेनिंग घेत होते आणि तेव्हा सुट्टीला आले होते. दादाला मेडिकल बोर्डापुढं जायचं होतं. तोवर घरी बसायचं. तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, बूट चमकवायचा आणि जोत्यावर जाऊन बसायचा. कुणी काही विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाई" एवढंच बोलायचा. गिटार मांडीवर घेऊन उजव्या हातानं मोकळ्या तारा छेडत राहायचा. त्यातून एकच आवाज निघे, आणि तो काही बरा नव्हता.

एक दिवस मी तांदूळ निवडत जवळ बसले होते. कंटाळून मी म्हणाले, "दादा, दुसरं काय तरी वाजव की."

"दुसऱ्याला बोटं लागत्यात," तो म्हणाला. मग माझ्या हाताकडं बघत राहिला. "तुझा डावा हात दे बरं हिकडं."

मी त्याच्या डावीकडं सरकून बसले. गिटारीच्या मानेवर पितळी पट्ट्या होत्या. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेला तो घर म्हणायचा. त्यानं माझं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट दुसऱ्या घरात, वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर ठेवलं आणि सांगितलं, "दाब. शेजारच्या तारंला धक्का लावायचा न्हाई." मी दाबलं. त्यानं सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. आई चुलीपासून उठून दारात आली आणि कोण आलंय म्हणून विचारलं.

"ह्यो ई मायनर," दादा म्हणाला. "रंगरूट हाय."

भरती झालेल्या नव्या पोराला रंगरूट म्हणतात हे मला ठाऊक होतं. दादाच्या बँडात पहिल्यांदा शिकवायच्या सोप्या कॉर्डना, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांनाही, तेच नाव होतं. त्यांत काही तारा दाबायच्या आणि बाकीच्या मोकळ्या सोडायच्या. मोकळ्या तारा आपापलं काम करतात. त्याचा गोव्याचा जोडीदार त्यांना काउबॉय कॉर्ड म्हणायचा. काउबॉय म्हणजे कोण, असं दादानं त्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, गुराखी.

"गुराख्यानं गिटार वाजवली तर गुरं कोण बघणार?" आईनं विचारलं. 

मग रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. सी नावाच्या कॉर्डला दादा जिना म्हणायचा, कारण त्यात तीन बोटं तीन घरांत पायऱ्यांसारखी उतरतात. डीची बोटं तिकोनात बसतात म्हणून तो चूल. जीला बोटं इतकी ताणावी लागत की त्याचं नाव तंगडतोड. हे जिना, चूल वगैरे कुठल्या पलटणीतलं आहे असं मी विचारलं, तेव्हा त्यानं ती नावं आत्ताच ठेवल्याचं कबूल केलं. मेजर कॉर्ड हसरा आणि मायनर रडका, हे मात्र त्याचा जोडीदारही म्हणायचा. रडका कशानं होतो? त्यानं मला जवळच्या वस्तीतल्या भजनाच्या पेटीवर सा, ग आणि प एकदम दाबून दाखवले. तो हसरा. मग ग तेवढा कोमल केला. रडका. एवढंच होतं. मला वाटलं होतं काहीतरी अवघड असेल.

माझी बोटं पोळल्यासारखी झाली आणि मग घट्टे पडले. दादा नाव घ्यायचा, मी दाबायची, तो वाजवायचा. "जिना! चूल! अगं तंगडतोड, तंगडतोड!" रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. गाणं कुठलं आहे ते त्यांना कळत नसे, पण दादा बोलायला लागलाय हे कळत होतं. तो आता जेवतानाही बोलायचा. आबांनी एकदा त्याला जरा गप बस म्हणून सांगितलं आणि लगेच पाणी प्यायला उठले.

त्या सुट्टीतच वडूजला मामेभावाचं लग्न होतं. आम्ही बौद्ध, वंदना झाली, लग्न लागलं आणि गायन पार्टी बसली. मामानं हौसेनं आम्हालाही पुढं बसवलं. पेटीवाल्यानं आमच्या दोघांकडं आणि एका गिटारीकडं बघितलं.

"वाजवणार कोण?"

"दोघं," दादा म्हणाला.

"आमचा गाणारा काळी चारच्या पट्टीत गातो. जमंल?"

दादानं मला हळूच सांगितलं, की आपले रंगरूट पांढरी पाचात बसतात, म्हणजे अर्धा सूर खाली. गाणारा खाली यायला तयार नव्हता. माणसं वाट बघत होती. दादानं इकडंतिकडं बघितलं आणि आहेर लिहिणाऱ्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. माझ्या वेणीची रिबन सोडली. पहिल्या घरात पेन्सिल सगळ्या तारांवर आडवी ठेवून रिबनीनं करकचून बांधली. सगळ्या तारा अर्ध्या सुरानं वर गेल्या.

"आता पेन्सिलीपासनं मोज," तो म्हणाला.

आम्ही वाजवलं. पहिल्या कडव्यात मी चुलीच्या जागी जिना दाबला. गाणाऱ्यानं डोळे वटारले, पण गात राहिला. तिसऱ्या कडव्यापर्यंत लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. पेटीवाला मध्येच पेटी थांबवून नुसतं ऐकायला लागला. दादाचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि तो हलत होता. तो हसतोय की काय, हे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. पेन्सिल गेल्यामुळं पुढचे आहेर तोंडी लक्षात ठेवले गेले, आणि त्यावरून मामाकडं पुढं बरीच बोलाचाली झाली.

पेटीवाला निघताना म्हणाला, "आमच्या पार्टीत या की. पर दोघांस्नी यावं लागंल का?"

मी सांगलीला परत गेले. तिथं रात्रंदिवस पाठ काढणं चालू होतं. दादाचं बोर्ड झालं. त्याला कायमचं घरी पाठवलं. पुढच्या सुट्टीला मी कोरेगावला उतरले आणि लांबूनच गिटार ऐकली. कुणाला शिकवली असेल म्हणून मी भराभर चालले. जोत्यावर तो एकटाच होता. त्यानं सगळ्या तारा काढून उलट्या क्रमानं लावल्या होत्या आणि गिटार उलटी धरली होती. उजव्या हातानं दाबत होता. डाव्या हाताला उरलेल्या बोटांनी तारा छेडत होता.

"बग," तो म्हणाला आणि जिना, चूल, तंगडतोड सगळं करून दाखवलं. सावकाश होतं, पण बरोबर होतं.

मी गिटार मागून घेतली. सी धरायला गेले तर सगळ्या तारा भलत्याच जागी. माझ्या बोटांना एकही कॉर्ड येईना.

"तुजं काम संपलं गं," दादा हसत म्हणाला.

"बरं झालं," मी म्हणाले. मग घागर घेऊन आडावर गेले. आडावर कुणी नव्हतं. मी जरा वेळानं पाणी आणलं. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घागर उतरवून घेतली.

संध्याकाळी दादा म्हणाला, "ए, गा की. वाजवताना मला गायला जमत न्हाई."

माझा आवाज यथातथाच. तरी मी गायले. तो थांबत थांबत कॉर्ड बदलायचा आणि मी त्याच्यासाठी शब्द लांबवायची. आबा अंगणात विळ्याला धार लावत होते, ती त्यांनी थांबवली.

दादा पुढं त्या पार्टीत गेला. मी पलूसजवळच्या शाळेत लागले. लग्नसराईत तो गावोगाव फिरायचा आणि लोकांना डावखुरा आहे म्हणून सांगायचा.